एआरएम संगणकावर टेक लाइव्ह: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात इंदुरात रामबागेतल्या मावशीकडे गेलो, तेव्हा तिच्या टेबलावर रास्पबेरी पाय ४०० मांडलेला होता. कीबोर्डातच अख्खा संगणक असलेलं हे यंत्र तिच्या मुलानं पुण्याहून पाठवलं होतं, आणि सोबत पेनड्राइव्हवर टेक लाइव्ह, म्हणजे छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या प्रोग्रामांचा संच, भरून दिलं होतं. मावशीला तिच्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या नीट जुळवून गणपतीत मंडळात वाटायच्या होत्या. तीन दिवस ती एकाच ओळीशी झगडत होती. आज्ञा दिली की पडद्यावर उत्तर यायचं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

“अरे, फाइल तर समोर दिसतेय, आणि हा म्हणतो फाइलच नाही! माझं काय चुकतंय?”

तिचं काही चुकत नव्हतं. फाइल होती, पण त्या यंत्रावर बसवलेल्या लिनक्सला ती चालवता येत नव्हती. एआरएम, म्हणजे असल्या छोट्या यंत्रांत आणि फोनांत असणाऱ्या प्रोसेसरचं घराणं. त्यावर अक्षरजुळणी सुरू करणाऱ्या बहुतेकांची पहिली अडचण याच जातीची असते. म्हणून खाली सगळं क्रमानं लिहितो आहे. नवख्या माणसाला आधाराशिवाय जमावं, एवढीच काळजी घेतली आहे.

आधी एक खूण सांगून ठेवतो. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) करायच्या. जिथे मोठी अक्षरं हवीत किंवा स्पेलिंग फसवं आहे, तिथे तसं सांगेन. ‘टेक’ आणि ‘लाटेक’ हे उच्चार झाले, लिहिताना त्या नावांच्या शेवटी एक्स येतो. म्हणून फोल्डरांची आणि आज्ञांची नावं मी ‘टेक्स’ अशीच ठेवली आहेत.

काय बसवतो आहोत

डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाची नव्या पद्धतीनं जुळवलेली प्रुफं पसंत पडली नाहीत, तेव्हा त्यांनी टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक, म्हणजे लेखकासाठी सोप्या आज्ञांचा संच, रचला. जोनाथन क्यू यांनी २००४ साली झीटेक आणलं, आणि युनिकोडातली देवनागरी सरळ टाइप करून जुळवणं सोपं झालं. हे सगळं, फाँट आणि हजारो पॅकेजांसकट, एकत्र बांधून दरवर्षी निघणारा संच म्हणजे टेक लाइव्ह. तो १९९६ पासून निघतो आहे आणि फुकट आहे.

या संचाचे दोन भाग मनात वेगळे ठेवा. मोठा भाग म्हणजे पॅकेजं, फाँट, शब्द तोडण्याचे नियम. या साध्या फायली असतात आणि कुठल्याही यंत्रावर जशाच्या तशा चालतात. दुसरा भाग लहान आहे, ‘बिन’ नावाच्या फोल्डरात मावणारा. त्यात बायनरी असतात, म्हणजे प्रोसेसरला थेट कळतील अशा तयार फायली. प्रोसेसर बदलला की फक्त हा लहान भाग बदलतो. इंटेलच्या संगणकासाठी बिनमध्ये एक फोल्डर, ६४ बिटच्या एआरएम लिनक्ससाठी दुसरं, ३२ बिटच्या एआरएमसाठी तिसरं. तुमचं फोल्डर कुठलं, हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी: यंत्राला दोन प्रश्न विचारा

टर्मिनल उघडा आणि लिहा:

यूनेम -एम

यूनेमचं स्पेलिंग यू एन ए एम ई. मग एक जागा, मग आडवी रेघ आणि एम. उत्तर ‘एआर्च६४’ आलं, म्हणजे दोन वेळा ए, मग आर सी एच आणि ६४, तर गाभा (कर्नल, म्हणजे लिनक्सचं आतलं इंजिन) ६४ बिटचा एआरएम आहे. ‘एआरएमव्ही७एल’ आलं तर ३२ बिटचा. ‘एक्स८६’ असं काही आलं तर तुमचं यंत्र एआरएम नाहीच, इंटेल-एएमडीच्या घराण्यातलं आहे.

इथेच थांबू नका. मावशीचा मुलगा इथेच थांबला होता. दुसरा प्रश्न विचारा:

गेटकॉन्फ लाँग_बिट

यातलं ‘लाँग_बिट’ मोठ्या अक्षरांत, मध्ये खालची रेघ. उत्तर ६४ किंवा ३२ येईल.

ही दोन उत्तरं जुळत नाहीत अशी वेळ येते. २०२३ पासून रास्पबेरी पायच्या ३२ बिट प्रणालीत पाय ४ आणि पाय ४०० वर गाभा मात्र ६४ बिटचा सुरू होतो. म्हणजे आतलं इंजिन ६४ बिट आणि वरचं सगळं सामान ३२ बिट. पहिला प्रश्न इंजिनाला विचारलेला असतो, दुसरा सामानाला. मावशीच्या यंत्रानं पहिल्याला एआर्च६४ म्हटलं आणि दुसऱ्याला ३२. मुलानं पहिलं उत्तर ऐकून ६४ बिटच्या बायनरी भरल्या. त्या चालवायला प्रणालीत एक छोटी चालक-फाइल लागते, ती ३२ बिटच्या सामानात नसतेच. न सापडलेली फाइल ती होती, टेक नव्हे. पण संदेशात तिचं नाव येत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. नव्या प्रणालींवर हाच संदेश ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असा येतो आणि तो थोडा कळतो तरी.

याच्या शेजारचा दुसरा संदेश आहे ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. तो दिसला तर समजा, बायनरी दुसऱ्याच घराण्याच्या प्रोसेसरची आहे. बहुधा कुणीतरी इंटेलच्या संगणकावरचं फोल्डर तसंच उचलून आणलेलं असतं.

उत्तरं नाही जुळली तर काय? तुमचा पाय ३, ४, ४०० किंवा ५ असेल तर माझा आग्रह आहे की त्याच्या मेमरी-कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची ६४ बिट आवृत्ती नव्यानं टाका. ती फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृतपणे मिळते. आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, कारण कार्ड पुसलं जातं. ते करायचं नसेल तर ३२ बिटच्या बायनरीही टेक लाइव्हमध्ये आहेत, त्यांचं फोल्डर ‘एआरएमएचएफ-लिनक्स’. त्याही चालतात. पण नव्यानं सुरुवात करताना ६४ बिटच घ्यावं, पुढची कटकट वाचते.

दुसरी पायरी: जागा आणि कार्ड

पूर्ण टेक लाइव्ह ८ जीबीच्या आसपास जागा घेतं. त्यातला मोठा भाग माहितीपुस्तिका आणि मूळ स्रोत-फायलींचा असतो, आणि तो वगळता येतो. पायमध्ये निदान ३२ जीबीचं कार्ड हवं. ‘डीएफ -एच’ लिहिलं की किती जागा उरली ते दिसतं.

कार्ड स्वस्तातलं घेऊ नका. जेल रोडवर दुकानादुकानांत कार्डं मिळतात, पण नावाजलेल्या कंपनीचं, बंद पाकिटातलं आणि बिलासकट घ्या. टेक लाइव्ह बसताना हजारो बारीक फायली एकामागून एक लिहिल्या जातात, आणि कमकुवत कार्डाचा कस तिथेच लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून बसवताना यंत्र यूपीएसवर ठेवा.

तिसरी पायरी: कुठल्या वाटेनं जायचं

वाटा दोन. पहिली सोपी आहे: लिनक्सच्या भांडारातूनच घ्यायचं.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेक्सलाइव्ह-झीटेक्स टेक्सलाइव्ह-लँग-अदर

झीटेक्सचं स्पेलिंग एक्स ई टी ई एक्स. या वाटेनं प्रोसेसरची चिंताच उरत नाही. ॲप्ट, म्हणजे भांडारातून सामान आणणारी आज्ञा, स्वतःच योग्य बायनरी निवडते. अडचण एवढीच की संच जुना मिळतो. रास्पबेरी पाय ओएस ज्या लिनक्सवर उभी आहे त्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीवर टेक लाइव्ह २०२२ चं येतं, डेबियन १३ वर २०२४ चं. ज्यांना फक्त एक पुस्तिका जुळवायची आहे त्यांनी हीच वाट धरावी आणि थेट सहाव्या पायरीवर जावं. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही, माझी स्वतःची पहिली दोन वर्षं यावरच गेली.

दुसरी वाट म्हणजे टेक लाइव्ह थेट मूळ ठिकाणाहून घेणं. दर मार्चच्या सुमारास नवा संच येतो आणि वर्षभर पॅकेजं ताजी करता येतात. इथून पुढे हीच वाट सांगतो, ६४ बिटचं एआरएम आणि वर्ष २०२५ धरून. तुम्ही नंतरचा संच घेत असाल तर आकडा तेवढा बदला.

दोन्ही वाटा एकाच यंत्रावर मिसळू नका. मिसळल्या तर आज्ञा एका संचाची आणि पॅकेज दुसऱ्याचं, असा घोळ होतो, आणि तो उलगडणं नवख्याला फार जड जातं.

चौथी पायरी: उतरवणं आणि बसवणं

ब्राउझरमध्ये टग डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर टेक लाइव्हच्या पानावर जा आणि ‘इन्स्टॉल-टीएल-यूएनएक्स’ नावाची टार डॉट जीझेड फाइल घ्या. ती लहान असते, बाकीचं सामान ती बसताना नेटवरून ओढते. मग त्या फोल्डरात जाऊन लिहा:

टार एक्सएफ इन्स्टॉल-टीएल-यूएनएक्स.टार.जीझेड

नाव पूर्ण टाइप करत बसू नका. पहिली चार अक्षरं लिहून टॅबची कळ दाबली की टर्मिनल उरलेलं स्वतः भरतं. मावशीला ही एक गोष्ट दाखवली आणि तिच्या निम्म्या चुका तिथेच थांबल्या.

आता जे फोल्डर उघडलं त्यात ‘सीडी’ या आज्ञेनं शिरा (सीडी, एक जागा, फोल्डरचं नाव) आणि ही ओळ द्या:

पर्ल ./इन्स्टॉल-टीएल --स्कीम=स्मॉल --नो-डॉक-इन्स्टॉल --नो-एसआरसी-इन्स्टॉल --टेक्सडिर ~/टेक्सलाइव्ह/२०२५

यात तीन गोष्टी मी मुद्दाम केल्या आहेत. सुरुवातीला सुडो, म्हणजे ‘प्रशासक म्हणून कर’, लिहिलेलं नाही. टेक लाइव्ह आपल्या घरच्या फोल्डरात बसवलं की प्रशासकाचा अधिकार लागत नाही, आणि पुढे पॅकेज घालताना ‘कमांड नॉट फाउंड’ची डोकेदुखी होत नाही. दुसरं, टेक्सडिर आणि नागमोडी चिन्ह यांच्यामध्ये जागा सोडली आहे. तिथे बरोबरचं चिन्ह टाकलं तर टर्मिनल त्या चिन्हाचा अर्थ ‘माझं घर’ असा लावत नाही आणि नागमोडी नावाचं भलतंच फोल्डर तयार होऊ शकतं. तिसरं, स्कीम स्मॉल. पायवर पूर्ण संच बसायला काही तास लागू शकतात. लहान संचात झीटेक आणि त्याच्याच जातीचं लुआटेक दोन्ही येतात, बाकी लागेल तसं घालता येतं.

ओळ दिल्यावर मेनू येईल. त्यात वरच्या बाजूला ओळखलेला प्लॅटफॉर्म लिहिलेला असतो. तिथे लिनक्स आणि ‘एआरएम६४’ किंवा ‘एआर्च६४’ दिसतंय ना, हे डोळ्यांनी वाचा. दिसत असेल तरच आय दाबा आणि एंटर द्या.

मध्येच नेट तुटलं तर घाबरू नका. त्याच फोल्डरातून तीच ओळ पुन्हा द्या. आधीची निवड सापडली, तीच पुढे चालवू का, असं तो विचारतो. वाय म्हणा. आमच्याकडे दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा काम पुढे सरकलं.

पाचवी पायरी: वाट दाखवणं

संच बसला तरी टर्मिनलला तो कुठे आहे ते माहीत नसतं. घरच्या फोल्डरात ‘.बॅशआरसी’ नावाची लपलेली फाइल असते. नावाच्या सुरुवातीचा टिंब विसरू नका. ती नॅनो या टर्मिनलमधल्या संपादकात उघडून शेवटी ही ओळ घाला:

एक्सपोर्ट पाथ=$होम/टेक्सलाइव्ह/२०२५/बिन/एआर्च६४-लिनक्स:$पाथ

पाथ आणि होम मोठ्या अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नाही, आणि नवं फोल्डर जुन्या पाथच्या आधी. क्रम उलटा झाला आणि यंत्रावर आधीचं एखादं टेक असेल तर तेच पुढे येतं. टर्मिनल बंद करून नवं उघडा आणि ‘व्हिच झीलाटेक्स’ विचारा. झीलाटेक्स म्हणजे एक्स ई एल ए टी ई एक्स. उत्तरात तुमच्या घरचा पत्ता आला पाहिजे.

आता मराठीच्या आधी एक इंग्रजी नमुना जुळवून बघा. संचात तो आलेलाच असतो:

झीलाटेक्स सॅम्पल२ई

पीडीएफ तयार झाली म्हणजे बायनरी ठीक आहेत. पुढे मराठीत काही बिघडलं तर दोष फाँटचा किंवा टाइप करण्याचा, बसवण्याचा नाही. हे एकदा पक्कं झालं की शोध सोपा होतो.

सहावी पायरी: मराठी

मूळ वाटेनं आलेल्यांनी ही ओळ द्यावी. टीएलएमजीआर म्हणजे टेक लाइव्हमध्ये पॅकेजं घालणारी आज्ञा:

टीएलएमजीआर इन्स्टॉल पॉलिग्लॉसिया हायफन-इंडिक शोभिका

पॉलिग्लॉसिया हे निवडलेल्या भाषेचे नियम लावणारं पॅकेज. शोभिका हा मुंबईच्या आयआयटीतून आलेला देवनागरी फाँट. त्याचं स्पेलिंग एस एच ओ बी एच आय के ए. हायफन-इंडिकमध्ये मराठी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडावेत याचे नियम आहेत. ॲप्टच्या वाटेनं आलेल्यांकडे ते लँग-अदरमधून येतात. त्यांनी शोभिकाऐवजी प्रणालीतला नोटो सेरिफ देवनागरी वापरला तरी चालेल.

चाचणीची फाइल साधी असू द्या. पहिल्या ओळीत डॉक्युमेंटक्लास आर्टिकल. दुसऱ्या ओळीत यूजपॅकेज पॉलिग्लॉसिया. तिसऱ्यात सेटमेनलँग्वेज मराठी. चौथ्यात सेटमेनफाँट, चौकोनी कंसात ‘स्क्रिप्ट=देवनागरी’, आणि महिरपी कंसात फाँटचं नाव. या चौथ्या ओळीत ‘स्क्रिप्ट’चा एस आणि ‘देवनागरी’चा डी मोठा. प्रत्येक आज्ञेआधी उलटी तिरकी रेघ, आणि नावं महिरपी कंसात. मग बिगिन डॉक्युमेंट, मजकूर, एंड डॉक्युमेंट. फाइल यूटीएफ-८ मध्ये, नावाच्या शेवटी ‘.टेक्स’ लावून जतन करा आणि ‘झीलाटेक्स’ (एक्स ई एल ए टी ई एक्स), एक जागा, फाइलचं नाव अशी आज्ञा द्या.

शोभिकाचं नाव देताना पूर्ण फाइलनाव द्या, ‘शोभिका-रेग्युलर.ओटीएफ’, त्यातला एस आणि आर मोठा. झीटेक नुसत्या नावानं फाँट शोधतं तेव्हा प्रणालीच्या यादीत बघतं, आणि टेक लाइव्हच्या आतले फाँट त्या यादीत नसतात. फाइलनाव दिलं की ते संचाच्या आत शोधतं. ‘फाँट सापडला नाही’ म्हणून अडणारे बहुतेक नवखे इथेच अडलेले असतात.

मजकुरात काय लिहावं? मी हे लिहितो:

दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, तऱ्हा, बाळ, शाल, कृष्ण, ५, ८

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा असतो. कागदावर रफार डोक्यावर गेला की अर्थच पालटतो. इंदुरात आम्ही हिंदी टायपिंग शिकून मोठे झालो, त्यामुळे अर्ध्या र ची कळ अनेकांना ठाऊकच नसते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर जे च्या कळेवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. त्याला हलन्त जोडून य लिहा, म्हणजे ऱ्य. तसाच ळ, शिफ्ट आणि एन. मावशीच्या फाइलीत ‘सुऱ्या’ सगळीकडे ‘सुर्या’ झाल्या होत्या. तिनं एका दुपारी बसून एकेक सुधारली.

श, ल, ५ आणि ८ यांचे आकारही बघा. मराठीत ते हिंदीहून थोडे वेगळे काढतात. काही फाँटांत दोन्ही आकार असतात, आणि भाषा मराठी सांगितली की आपला निवडला जातो. म्हणून तिसऱ्या ओळीत हिंदी लिहून काम भागवू नका.

एक इशारा. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर इथे थेट चालणार नाही. तो आतून रोमन अक्षरांचा असतो, वर फक्त देवनागरी चित्रं दिसतात. आधी युनिकोडात रूपांतर करा, आणि रूपांतरानंतर ऱ्य आणि रफार एकदा स्वतः वाचून काढा.

झीलाटेकऐवजी लुआलाटेक वापरणार असाल तर फाँटच्या कंसात ‘रेंडरर=हार्फबझ’ घाला, त्यातला आर, एच आणि बी मोठा, नाहीतर जोडाक्षरं तुटू शकतात. आणि पहिल्याच वेळी पडदा बराच वेळ गप्प राहील. तो यंत्रावरच्या सगळ्या फाँटांची यादी बनवत असतो, पायवर याला मिनिटं लागतात. अडकलं समजून बंद करू नका.

मॅक, विंडोज आणि फोन

ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर मॅकटेकचं, म्हणजे मॅकसाठी बांधलेल्या टेक लाइव्हचं, पॅकेज उतरवा आणि बसवा, संपलं. २०२१ पासून त्यात ‘युनिव्हर्सल-डार्विन’ नावाच्या बायनरी आहेत. एकाच फाइलीत इंटेल आणि एआरएम दोन्ही असतात.

एआरएम प्रोसेसरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर टेक लाइव्हच्या नेहमीच्या विंडोज बायनरी चालतात, कारण विंडोज ११ इंटेलच्या ६४ बिट आज्ञांचं जागच्या जागी भाषांतर करतं. थोडं हळू चालतं. विंडोज १० च्या एआरएम यंत्रावर ही सोय फक्त ३२ बिटपुरती होती. एआरएम क्रोमबुकावर लिनक्सची सोय चालू केली की वरच्याच पायऱ्या लागू पडतात. अँड्रॉइड फोन एआरएमच असले तरी लिनक्सच्या बायनरी त्यांवर थेट चालत नाहीत, कारण त्यांची मूळ सी लायब्ररी वेगळी असते.

दुसऱ्यासाठी संच भरून देताना

मावशीच्या मुलानं केलं तसं तुम्हालाही कुणासाठी करावं लागेल, विशेषतः जिथे नेट मंद आहे तिथे. तुमच्या लिनक्स यंत्रावर ही आज्ञा द्या:

टीएलएमजीआर प्लॅटफॉर्म ॲड एआर्च६४-लिनक्स

बिनमध्ये तुमच्या फोल्डराशेजारी एआरएमचंही फोल्डर येतं, मोठा भाग तसाच राहतो. ३२ बिटवाल्यासाठी एआरएमएचएफ-लिनक्सही सोबतच घालून ठेवा. हे काम देणाऱ्याच्या यंत्रावर करायचं. घेणाऱ्याकडे चालणारी एकही बायनरी नसेल तर टीएलएमजीआर तिथे उभंच राहत नाही.

आणि फोल्डर पेनड्राइव्हवर नुसतं ओढून टाकू नका. बिनमधल्या पुष्कळ फायली खऱ्या फायली नसून दुव्यासारख्या असतात. झीलाटेक्स हे नाव प्रत्यक्षात झीटेक्सकडे बोट दाखवतं. पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॅट मांडणीत असे दुवे टिकत नाहीत. आधी टारनं सगळं एका फाइलीत बांधा, ती फाइल न्या, आणि तिकडे लिनक्सच्या घरच्या फोल्डरात सोडा. एक लक्षात ठेवा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणूनही लहान संच बरा.

पुढच्या वर्षी

वर्षाच्या आत ‘टीएलएमजीआर अपडेट --सेल्फ --ऑल’ दिलं की संच ताजा होतो. हातात छपाईला जायचं काम असेल तर ते संपेपर्यंत थांबा. नवं वर्ष आलं की जुन्यावर काही करू नका. नवा संच टेक्सलाइव्हच्या आत नव्या आकड्याच्या फोल्डरात बसवा, बॅशआरसीतला आकडा बदला, आणि जुन्या पुस्तकाची फाइल एकदा नव्यानं जुळवून पानं जुन्या पानांशी ताडून बघा. ती जुळली की मगच जुनं फोल्डर पुसा.